वर्गात कुणाला काही वाटू नये म्हणून

८ ऑगस्ट
शाळेत ट्रेनिंग. गेल्या वर्षापर्यंत याच हॉलमध्ये सगळ्यांशी समान कसं वागावं याचं ट्रेनिंग व्हायचं. यंदा ते का बंद झालं, याचं ट्रेनिंग. डोनट तेच. नवा कायदा असा: इतिहास शिकवा, पण आपल्या वंशामुळे एखाद्या मुलाला अपराधी वाटेल असं शिकवू नका. फ्लोरिडात इतकी वर्षं इतिहास शिकवतोय, असले कायदे कोळून प्यायलोय. निश्चय: वाकायचं नाही.

१० ऑगस्ट
वर्गातली पुस्तकं तपासून होईपर्यंत झाकायची आहेत. कपाटाला खाकी कागद लावला. याला वाकणं म्हणत नाहीत. शिवाय निषेध म्हणून कागद मुद्दाम तिरका लावलाय. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१९ ऑगस्ट
शेजारच्या वर्गातली व्हर्नीस हॉलोवे जेवणाच्या सुट्टीत येऊन बसली. शाळेत इतिहास शिकवणारे आम्ही दोघेच, ती काळी, मी गोरा. दरवर्षी ती मुलांना सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नेते आणि डांबरावर खडूने घरं आखायला लावते. शंभर वर्षांपूर्वी तिथे काळ्यांची वस्ती होती. काळे मत द्यायला आले म्हणून मतदानाच्या दिवशी गोऱ्या गावाने ती जाळली. तिच्या पणजोबांचं किराणा दुकान त्यातच गेलं. यंदाही नेणार, म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, नोकरी जाईल. ती म्हणाली, गेली तर गेली, पण डेल, तू माझ्या बाजूने उभा राहशील ना? म्हटलं, राहीन का म्हणजे? खांबासारखा!
घरी मार्लीनला सांगितलं. खांब तेवढंच करतो, जागचा हलत नाही, असं म्हणून ती भांडी लावायला गेली. तीस वर्षांचा संसार, पण बायकोला नवऱ्याची किंमत नाही.

३ सप्टेंबर
काल फुटबॉलची मॅच. हरलो. खाण्याच्या स्टॉलवर नाचो चिप्सच्या रांगेत प्रिन्सिपल क्रचफील्ड नेमके माझ्या पुढे. डोकं चालवलं. व्हर्नीसचं नाव न घेता सहज विचारलं, समजा एखाद्या बाईंनी मुलांना पार्किंगमध्ये नेऊन जळालेली घरं आखायला लावली, तर कायद्यात बसेल का? ते एकदा हो म्हणाले की व्हर्नीस सेफ, असा बेत. ते म्हणाले, कुठलं पार्किंग? म्हटलं, समजा, सुपरमार्केटचं. ते नाचो तसेच हातात धरून उभे राहिले. बघतो, म्हणाले. काम फत्ते.

७ सप्टेंबर
व्हर्नीसविरुद्ध तक्रार! शाळा बोर्डाचा निर्णय होईपर्यंत तिला वर्गावर जाता येणार नाही. तक्रार कुणी केली, कळत नाही. या गावात पाठीत सुरा खुपसणारे पुष्कळ. छडा लावणार.

९ सप्टेंबर
संशय फुटबॉलच्या कोचवर. नाचोच्या रांगेत तो माझ्या मागेच होता, कान टवकारून. त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याच्या लक्षात आलं नाही.

१३ सप्टेंबर
बोर्डाच्या मीटिंगमध्ये कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. दणदणीत भाषण लिहिलं. लांबलं. ‘अन्याय’ काढला, उगाच कुणाला लागेल. मग ‘गावाने वस्ती जाळली’ऐवजी ‘वस्ती जळाली’ केलं. आता सुटसुटीत झालंय.

१८ सप्टेंबर
मार्लीनला वाचून दाखवलं. कुठेतरी आग लागली होती एवढं कळलं, म्हणाली. आणि बंब का नाही आला, असं विचारलं.

२१ सप्टेंबर
काल मीटिंग. व्हर्नीस पहिल्या रांगेत, शेजारी तिची म्हातारी आई. माझं नाव पुकारलं तशी दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माईकपाशी गेलो. शाळेच्या पार्किंगमधल्या बंद दिव्यांबद्दल बोललो. दिवे खरंच बंद आहेत. पार्किंग म्हणताना दर वेळी जोर दिला. ज्याला कळायचं त्याला कळलं असणार. टाळ्याही पडल्या.
बोर्डाने व्हर्नीसला नोकरीवरून काढलं. दारात ती म्हणाली, दिव्यांचं छान मांडलंस हं, डेल. एवढ्या गडबडीतही तिने कौतुक केलं, हा तिचा मोठेपणा.

३० सप्टेंबर
व्हर्नीसने सामान नेलं. मदतीला जाणार होतो, पण पेपर तपासायचे होते. जाताना ती वर्गात डोकावली. खडूचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, नाचोच्या रांगेतलं मला क्रचफील्डनी सांगितलं. मी काही बोलायच्या आत गेली. कोचने माझं बोलणं तिखटमीठ लावून पोचवलं असणार. कधीतरी तिला समजावून सांगेन.
वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. थकलो असेन.

४ नोव्हेंबर
व्हर्नीसच्या वर्गातली मुलं आता माझ्या वर्गात. आज क्रचफील्ड मागे बसून तास बघून गेले. विषय तोच, वस्ती जळाली त्या वर्षीची निवडणूक. एका वाक्यात उरकली. तासानंतर त्यांनी मुलांना विचारलं, कुणाला काही वाटलं का? कुणीच हात वर केला नाही. केन्ड्रा नावाची मुलगी तेवढी टेबलावरच्या खडूच्या डब्याकडे बघत होती. माझा वर्ग आदर्श आहे, असं ते म्हणाले.
ठरल्याप्रमाणे कुठेही वाकलो नाही.

७ नोव्हेंबर
खडूचा डबा सापडत नाही. कोच!

८ नोव्हेंबर
मतदानाचा दिवस. मत देऊन दूध आणायला सुपरमार्केटला गेलो. गाडी लावली. केन्ड्राने काच वाजवली. तिचे हात पांढरे झाले होते. सर, तुमची गाडी मिस हॉलोवेंच्या पणजोबांच्या दुकानात उभी आहे, म्हणाली. अगदी अदबीने.
बघतो तर सगळ्या पार्किंगभर घरं. दारं, ओटे, एक चर्च. व्हर्नीसची मुलं गुडघ्यांवर बसून आखत होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सॉरी म्हटलं. गाडी मागे घेतली, तिथे कुणाचं तरी स्वयंपाकघर. पुढे घेतली, तिथे चर्च. मुलं थांबून बघत होती.
घरी आलो. मार्लीनने विचारलं, दूध कुठाय?
गाडी लावायला जागा नव्हती, म्हटलं.