आईची शोकसभा आणि उत्तमरावांना हार

सांगानेर, जयपूर.

ती. सौ. विजयमालाताईस,

धाकट्या दिलीपचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, म्हणजे पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

आईची शोकसभा अखेर झाली. तिला जाऊन अकरावा महिना चालू आहे, पण आमच्या मराठी मंडळाचा शोक आत्ता कुठे अनावर झाला (आधी गणपती होते, मग कोजागिरी, मग अध्यक्ष उत्तमरावांचा मोतीबिंदू). तू आली नाहीस ते एका परीने बरं. आली असतीस तर तुला दोनदा हसू आवरलं नसतं आणि एकदा माझी लाज वाटली असती. क्रमाने सांगतो.

सभा झोटवाड्याच्या हॉलवर होती, म्हणजे आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दारावर मंडळाचा फ्लेक्स. त्यावर आई पासपोर्टच्या फोटोएवढी आणि शेजारी हात जोडलेले उत्तमराव पुरुषभर उंच. कुणीतरी चौकीदाराच्या हातात हार देऊन फोटोला घाल म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्याने सगळ्यात मोठा फोटो निवडला, हार घातला आणि स्वतःच्या बुद्धीने खाली उदबत्तीही लावली. मग येणारा प्रत्येक जण चपला काढून उत्तमरावांना नमस्कार करू लागला. बँकेतल्या एक बाई तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “परवाच भेटले होते हो, चांगले चालते-बोलते होते!” तेवढ्यात उत्तमराव गाडीतून उतरले. बाईंना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं.

उत्तमराव पस्तीस मिनिटं बोलले. त्यात आई तीन वेळा आली: दोनदा चहाचा ट्रे घेऊन आणि एकदा ‘उत्तमराव, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही’ असं म्हणायला. (आई हे म्हणायची हे खरं. कोणत्या सुरात, ते तुला मी सांगायला नको.)

मग आमचे चिरंजीव अमेय उठले. पोरगा इथेच वाढला, त्याची मराठी हिंदीचं बोट धरून चालते. आजी सगळ्यांच्या उपयोगी पडायची एवढंच त्याला सांगायचं होतं. ‘सबके काम आती थी’ हे त्याने मनातल्या मनात मराठीत आणलं आणि म्हणाला, “माझी आजी सगळ्यांच्या कामी आली.” पहिल्या रांगेत छावणीतले एक निवृत्त सुभेदार बसले होते. ‘कामी आली’ हे शब्द कानावर पडताच ते ताडकन उठले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. त्यांच्यामागे फौजेतली सगळी कुटुंबं उठली, मग बँकवाले उठले (आम्ही विमावाले शेवटी, कागदपत्रं बघितल्याशिवाय आम्ही कुणाचाच मृत्यू मान्य करत नाही). सगळे उभे राहिलेले बघून अमेयला वाटलं सभा संपली. तो “धन्यवाद” म्हणून खाली उतरला.

इथवर हसलीस ना? आता पुढचं ऐक.

दारात गलका झाला. आमच्या सांगानेरातल्या एका कापड-छपाई कारखान्यातल्या आठ-दहा बायका दोन बस बदलून आल्या होत्या. बोटांवर निळीचे डाग तसेच होते. चौकीदाराने त्यांना अडवलं, म्हणाला, “मराठी समाज का प्रोग्राम है.” पुढची सोनल त्याला म्हणाली, “आम्ही आईंचीच माणसं आहोत, दादा. बाजूला सरका बघू.” ताई, मराठी अशी की मिरजेची बाई वाटावी! आई छत्तीस वर्षं जयपुरात राहिली, पण हिंदी काही शिकली नाही. समोरच्यालाच मराठी शिकायला लावलं. कारखान्यात ती पहिल्यांदा गेली ती चादरीची किनार वाकडी छापली म्हणून भांडायला. भांडण मिटलं आणि ती रोज दुपारी जायला लागली. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी तिने मराठीत अर्ज केले. साहेबाला एक अक्षर वाचता येईना, शेवटी तिसऱ्या अर्जाला त्याने नळच बसवून दिला. सोनलच्या बाळंतपणात ती दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. (या वयात नसते उद्योग कशाला, असं म्हणून मी तिला गाडी दिली नव्हती. ती रिक्षाने गेली.)

चौकीदाराने मला विचारलं, “साहब, ये आपके साथ हैं?” आणि ताई, मी आधी उत्तमरावांच्या तोंडाकडे बघितलं. एकच क्षण. पण सोनलने तो बघितला आणि अमेयनेही. तो उठला, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, “या ना, मावशी.”

सोनलला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. ती उभ्याउभ्याच बोलली. “मला मुलगी झाली तेव्हा घरचं कोणी आलं नाही. आई आल्या. बाळाला हातात घेतलं आणि म्हणाल्या, नाक माझ्यावर गेलंय.” एवढंच बोलून ती बसली. उत्तमरावांनी लगेच मंडळातर्फे तिला गेल्या वर्षीचा छापील अहवाल भेट दिला.

नंतर माझी पाळी होती. खिशात चार पानी भाषण होतं. यांच्यानंतर काही बोलायचं उरत नाही, असं म्हणून मी खाली बसलो. लोकांना तो माझा विनय वाटला. घरी येऊन ती पानं वाचली तर चारही पानांत मीच होतो.

भाऊजींना नमस्कार, रुचिताला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
दिलीप

ता. क. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. हिने विचारलं, आईंच्या आवडीचं काय करायचं? मी पटकन पुरणपोळी म्हटलं. ही म्हणाली, ती तुम्हाला आवडते. अळूवडी म्हटलं, तर ती अमेयला. सोनलला विचारलं, तर ती म्हणाली, आई आमचेच डबे उघडून काय आणलंय ते बघायच्या. एकोणसाठ वर्षं तिच्या हातचं जेवलो आणि तिला काय आवडायचं ते मला ठाऊक नाही. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तू थोरली आहेस, तुला माहीत असणार. लगेच कळव.

ता. ता. क. तुलाही आठवत नसेल तर तसं लिहू नकोस. काहीतरी ठामपणे लिहून टाक. फक्त भरली वांगी नको. ती तुला आवडतात.