बेवारस फोल्डरांची झडती

आदरणीय गुल्बारा ताईस,

नारीनहून धाकट्या एर्मेकचा, टोपी सावरून, मान लववून सलाम. तू, भावजी, मुलं, मेंढ्या, सगळे खुशाल ना? घोडीच्या पायाची सूज उतरली का? भावजींची पाठ कशी आहे? (प्रश्नांच्या क्रमावरून त्यांनी राग मानू नये.) इकडे सर्व ठीक आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं. आता कशाचीच खात्री देववत नाही.

आपल्या डेअरीत बाबा मॅनेजर, दोन्ही काका त्यांच्या हाताखाली, मी लोण्याच्या खात्यात आणि संगणकांचं सगळं तुझी भावजय आयझादा बघते. ती प्रशिक्षणासाठी बिश्केकला गेली आणि जाताना ‘कशाला हात लावू नका’ असं बजावून गेली. आता मला सांग, असं बजावल्यावर कुणाला राहवेल? आमच्या नेटवर्कला एक पॉलिसी लावलेली आहे. ज्याने आपल्या संगणकावर जे ठेवलं, ते आपोआप सर्व्हरवरच्या त्याच्या फोल्डरमध्ये जातं आणि फक्त तिथेच राहतं. ते नीट जातंय का हे तपासायला मी एक स्क्रिप्ट लिहिली. (इंटरनेटवर शिकलोय. लोणी काय, आपोआप घट्ट होतं.) तिने पगारपत्रकातली नावं घ्यायची, पॉलिसीतले फोल्डर घ्यायचे आणि जोड्या लावायच्या. निकाल पाहून मला घामच फुटला. बाबांना फोल्डर नाही, काकांना नाही! उलट ‘घरचे मोठे’, ‘घोड्यावरून पडलेले’ आणि ‘मिशा रंगवणारे’ अशा तिघांना मात्र आहेत. म्हणजे जे होते त्यांना फोल्डर नव्हते, आणि ज्यांना फोल्डर होते ते कामावर नव्हतेच. कुणीतरी परके आत घुसून बसलेत, दुसरं काय?

आयझादाला फोन केला. हे ‘घरचे मोठे’ कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, “अहो, ते हो! आपले ते!” म्हटलं, नाव सांग. तर, “मी कसं सांगू? तुम्हाला काही कळतं का?” आणि फोन बंद. यातून मी काय समजायचं? मी तिन्ही फोल्डर पुसून टाकले आणि बाबा-काकांच्या खऱ्या नावांचे नवे, ठळक अक्षरांत काढले.

दुसऱ्या दिवशी बाबांचा संगणक रिकामा. ताई, त्यात आपल्या घराण्याची वंशावळ होती. कुरणाकुरणांतले म्हातारे गाठून त्यांनी जमवलेली, तुझ्या नातवाच्या पाळण्याच्या जेवणात वाचायची म्हणून जपलेली. बाबा पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, “एर्मेक, मीच कुठे ठेवून विसरलो का रे?” मला रडूच आलं.

मी सगळं सांगितलं, तेव्हा धाकटे काका रंगवलेल्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “अरे गाढवा, सून कधी सासऱ्याचं नाव घेते का? तोंडाने घेत नाही, ती हाताने लिहील?” बरोबर आहे. घरात ती बाबांना ‘घरचे मोठे’ म्हणते हे मी रोज ऐकतो. पण सर्व्हरवरही सासर असतं हे मला कुणी सांगितलं होतं? (थोरले काका मात्र माझ्याशी बोलत नाहीत. ते घोड्यावरून पडले होते, हे आता सगळ्या डेअरीला कळलंय.)

आयझादा परत आली, पडद्यावर सासऱ्यांचं नाव ठळक अक्षरांत पाहिलं आणि खुर्चीतही न बसता निघून गेली. बाकी विशेष काही नाही. हवा छान आहे.

तुझा,
एर्मेक

ता. क. ती तुझ्याकडेच आली आहे, हे मला ठाऊक आहे. सर्व्हरने राखून ठेवलेली वंशावळीची जुनी प्रत फक्त तिलाच उघडता येते आणि जेवण शनिवारी आहे. तिला पाठव, ताई. मी ठळक नावं काढून पुन्हा पहिल्यासारखी केली आहेत.

आणखी एक ता. क. यादीच्या तळाशी, जिथवर मी आधी गेलोच नव्हतो, स्क्रिप्ट अजून एक बेवारस फोल्डर दाखवते आहे: ‘ज्यांना उशिरा कळतं’. असा कुणी आमच्याकडे नाही, म्हणून पुसायलाच निघालो होतो. उघडून पाहिला, तर आत माझा लोण्याचा हिशेब आणि आमच्या लग्नाचे फोटो. तिला सांग, मी तो पुसलेला नाही. नावही बदललेलं नाही.