हळद लागलेली वजने

अहमदनगर, आश्विन वद्य पंचमी, १९७१

ती. दादांना बनूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला थांबला का? भात कापणीला आला असेल.

दादा, मला इथल्या प्रयोगशाळेची किळस आली आहे. सोन्याचे आणि ॲल्युमिनियमचे अणू गुरुत्वाकर्षणाने सारखेच ओढले जातात का, हे आम्ही तारेला टांगलेल्या दोन वजनांवर पाहतो. त्यांना बोटसुद्धा लावायचे नसते. खंडेनवमीला सरांनी त्यांनाच हळदकुंकू वाहिले आणि नंतर रुमालाने पुसले. वजने धुऊन सगळे पहिल्यापासून मोजू या, असे मी म्हटले.

"अगं, देवाची हळद ती, तिला कुठलं आलंय वजन?" सर म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले.

आता त्या न धुतलेल्या वजनांचेच आकडे छापायला चालले आहेत, खाली माझेही नाव घालून. शिसारी येते. नाव काढा म्हटले, तर सर म्हणाले, "मग तू दुसरं कॉलेज बघ."

मी नाव काढायला लावलेच. आता झोप लागते.

दिवाळीला येताना ट्रंक घेऊनच येईन. आईला तूर्त सुट्टी आहे एवढेच सांगा.

तुम्हीच शिकवलेली,
बनू