शंभराचा बल्ब

३ डिसेंबर
आईच्या टेबलावरच्या दिव्याच्या कागदी शेडला डाग पडलाय. चहाच्या रंगाचा, रुपयाएवढा. काल नव्हता — की मीच पाहिला नव्हता? बल्ब शंभराचा. लावला मीच. ‘अंधुक आहे, मोठा आण’ करत आईने चाळिसाचा साठ, साठाचा शंभर करायला लावला. वरचा दिवा लावू देत नाही, डोळ्यांवर येतो म्हणे. दिवसभर ती एकटी, मांडीवर पेपर, आणि शेजारी ही भट्टी. मला भीती वाटते.

४ डिसेंबर
दुकानात औषधं देताना मन थाऱ्यावर नव्हतं. घरी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा आई म्हणाली, ‘जिवंत आहे. आता काम कर.’

५ डिसेंबर
डाग वाढलाय. कागद कडेला कुरकुरीत झालाय. आईला म्हटलं, एखाद दिवशी पेट घेईल. ‘राहू दे गं, ऊब येते.’ हात सारखा शेडखाली. डोळे दाखवून येऊ म्हटलं, तर ‘माझे तुझ्यापेक्षा धड आहेत.’ झोपेतही मला जळका वास येतो.

७ डिसेंबर
वायरमन आला. शेड बघून त्याने कपाळाला हात लावला. ‘ताई, ही चाळिसाची शेड. हा बल्ब शंभर वॅट खातो, त्यातले उजेडाला जेमतेम पाच. बाकी सगळी उष्णता. शेगडीच पेटवलीत की.’ बारा वॅटचा एलईडी लावून दिला. उजेड जवळजवळ तितकाच! तासाभराने शेडखाली हात घालून पाहिला — काही जाणवत नाही. जीव भांड्यात पडला.

८ डिसेंबर
संध्याकाळी आई म्हणाली, ‘दिवा लाव ना.’ लावलाय की, म्हटलं. तिने शेडखाली हात नेला. ‘कुठे?’ मग हात काढून घेत, ‘हो हो. लागलाय.’ नव्या वस्तूवर राग, दुसरं काय.

९ डिसेंबर
आईने आज पेपर उघडलाच नाही. दिवा लख्ख, ही आपली हात मांडीवर ठेवून बसलेली. रुसलीय.

१० डिसेंबर
त्या खोलीत प्लग एकच. दिवेलागणीला दिव्याची पिन काढून इस्त्री लावली, टेबलावर उभी ठेवली आणि कपडे आणायला गेले. परत आले तर दारातून येणाऱ्या उजेडात आईचा हात दिसला. इस्त्रीपासून वीतभर लांब थांबलेला. ‘लागला एकदाचा,’ ती म्हणाली, आणि पेपर उघडून वाचायला बसली.
खोलीत दिवा लागलेलाच नव्हता.