रोज्यातली साक्ष

मुंबई, दि. ४ मार्च

ती. अब्बांना नाजमीनचा सलाम. वि. वि. मी खुशाल आहे, रोजे नीट चालले आहेत. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की हे तोंडातून निघणार नाही, म्हणून लिहिते.

सोमवारी विधानसभेत माझी पाळी होती. आम्ही रिपोर्टर दहा-दहा मिनिटं मधल्या टेबलाशी बसतो आणि सदस्य बोलतील ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवतो. बोलत होत्या कुंदाबाई, डोंगराकडच्या, टोपल्या विणणाऱ्या घरातून निवडून आलेल्या. गोंधळ उठला आणि एका जुन्या सदस्याने त्यांच्या जातीवरून असा शब्द फेकला की माझा हातच थांबला. अब्बा, आपल्या गॅरेजात शिवी देणाऱ्याला तुम्ही पाना खाली ठेवायला लावून घरी पाठवता. त्या घरात वाढलेली मी, त्यात रोजा. मी शब्द लिहिलाच नाही. नुसती रेघ ओढली.

आता ते सदस्य म्हणतात, मी तसं बोललोच नाही. त्यांचा माइक बंद होता, रेकॉर्डिंगमध्ये नुसता कालवा आहे. शब्द सिद्ध झाला तर तो कामकाजातून काढतील आणि ते माफी मागतील. नाही झाला तर खोटा आरोप केला म्हणून माफी कुंदाबाईंनी मागायची. रेघेच्या जागी काय होतं, ते मला दहा तारखेला अध्यक्षांच्या दालनात सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं आहे. माझी नोकरी अजून कायम नाही, या चुकीपायी जाऊही शकते. पण त्याहून भीती त्या शब्दाची वाटते. काय करू? रागवायचं असेल तर पत्रातच रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची नाजमीन

धुळे, दि. ७ मार्च

चि. नाजमीनला अब्बांच्या अनेक दुवा. इकडे सर्व ठीक. अम्मीचे गुडघे आहेत तसेच, तुझा भाऊ उजैर मात्र इफ्तारीची भजी खाऊन खाऊन फुगत चालला आहे.

तुझ्यावर रागावलो आहे, हे आधी सांगतो. तुला तिथे ऐकायला बसवलंय. काय काढायचं ते अध्यक्ष बघतील, पण काढायला आधी ते लिहिलेलं तरी हवं ना!

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट ऐक. तू अगदी लहान होतीस. गॅरेजात कोणीतरी एका ड्रायव्हरला आईवरून शिवी दिली. कोणी दिली ते मी ऐकलं नव्हतं. विचारलं तर सगळे मुके, माझ्यापुढे वाईट बोलायचं कोणी? मी अंदाजाने आपल्याकडचे मिस्त्री, भडगावचे उखर्डूनाना, यांना घरी पाठवलं. चार दिवसांनी कळलं, शिवी त्यांची नव्हतीच. मी भडगावला जाऊन हात जोडले, तर नाना हसून म्हणाले की, तुना कायदा चांगला शे, पन त्याले साक्षीदार नही. ते परत कामावर आले, पण चार दिवस त्यांना मी मान खाली घालायला लावली, ते मला आजही खुपतं.

तेव्हा बेटा, शिवी देणं वेगळं आणि साक्ष देणं वेगळं. साक्षीने रोजा बिघडत नाही. तू तोंड मिटलंस तर मात्र त्या बाईंची मान खाली जाईल. शब्द पूर्ण सांग, चावू नकोस. रेघ कोणी ओढली तेही सांग. नोकरी गेलीच तर धुळ्याचं तिकीट काढ, तुझा बाप अजून एका दिवसात इंजिन उतरवतो.

रागासकट तुझाच,
अब्बा

मुंबई, दि. ११ मार्च

ती. अब्बांना सलाम. वि. वि. काल सांगितलं.

दालनात अध्यक्ष होते, सचिव होते, ते सदस्य आणि कुंदाबाई होत्या. सदस्य मला म्हणाले की, मुली, नीट आठवून बोल, उगाच मोठ्या माणसाचं नाव खराब होईल. मी आधी रेघ माझी, चूक माझी असं सांगितलं आणि मग शब्द सांगितला. अध्यक्षांना ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा सांगावा लागला. दुसऱ्यांदा माझा आवाज कापला नाही. सदस्य टेबलाकडे बघत बसले, नाही म्हणाले नाहीत. आज त्यांनी सभागृहात उभं राहून माफी मागितली आणि अध्यक्षांनी तो शब्द कामकाजातून काढला.

कुंदाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या की हा शब्द त्या शाळेपासून ऐकत आल्या, आणि आजूबाजूचे दर वेळी म्हणायचे, आम्हाला काही ऐकू आलं नाही. एवढं बोलून माझा हात धरला, तो सोडेचनात. मला रडू आलं.

नोकरी शाबूत आहे. पण रिपोर्टरने आपल्या मनाने शब्द वगळू नयेत, अशी लेखी ताकीद मिळाली. त्याची लाज वाटते. आशीर्वाद असू द्या.

तुमची नाजमीन

धुळे, दि. १५ मार्च

चि. नाजमीनला अब्बा-अम्मीच्या पोटभर दुवा. पत्र अम्मीला वाचून दाखवलं. जिन्यातल्या भेटीशी आलो आणि पत्र उजैरच्या हातात दिलं, पुढचं त्याने वाचलं. बेटा, मला तुझा फार अभिमान वाटतो. इतके दिवस लोकांना सांगायचो की मुलगी मुंबईत टायपिंगचं काम करते. मलाच कळलं नव्हतं तू काय करतेस ते.

ताकिदीची लाज वाटते असं पुन्हा लिहू नकोस. चूक केलीस, ती आपण होऊन सांगितलीस, त्याचीच ही सरकारी पावती आहे. तिची झेरॉक्स पाठव. फ्रेम करून गॅरेजात लावतो, म्हणजे येणारा-जाणारा वाचेल. मुलीला ताकीद मिळाली म्हणून इफ्तारीनंतर पेढे वाटणारा बाप धुळ्यात मी एकटाच निघालो. लोभ वाढावा असं लिहायची पद्धत आहे, पण आता तो वाढायला माझ्याकडे जागा उरलेली नाही.

तुझा अब्बा,
खाजा