सात नंबरची चौकट

प्रिय दादा,

रंगांच्या दुकानात दिवसभर उभं राहून टाचा दुखतात, पण डोकं शांत आहे, असं तू म्हणालास ते वहिनीकडून कळलं. इकडे सगळं ठीक आहे, असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

हे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलंस, तेही आईच्या नियमानं: ज्यानं पसारा मांडला त्यानंच तो आवरायचा. पडद्यावरची मोठी चौकट म्हणजे आई, आतली बटणं, घड्याळं, छोट्या चौकटी ही तिची पोरं. आई निघाली की सगळ्यांना घेऊन निघते. एखादं मागं राहिलं, तर ते दिसत नाही, पण जागं असतं आणि आपलं काम करत राहतं. भुतासारखं? मी विचारलं होतं. तू म्हणालास, भुतं परवडली, ती निदान मेमरी तरी खात नाहीत.

वृद्धाश्रमाच्या प्रोग्रॅममध्ये आपण प्रत्येक खोलीला एक चौकट दिली होती आणि तिच्यात औषधांचं घड्याळ. सात नंबरचे आजोबा गेले तेव्हा सिस्टरनी त्यांची चौकट बंद केली. पडद्यावरून ती गेलीही. तरी रोज दुपारी चारला व्हरांड्यातला स्पीकर बोलायचा, खोली सात, औषधाची वेळ. पडद्यावर सात नंबर कुठंच नाही, म्हणून सिस्टर बिचाऱ्या स्पीकरवाल्याला बोलावत राहिल्या. त्यांच्या बायको, आजी, शेजारच्या आठ नंबरमध्ये; ते गेल्याचं त्यांच्या ध्यानात राहत नसे. अकरा दिवस त्या पाण्याचा पेला घेऊन सातचं दार उघडायच्या आणि सिस्टरना विचारायच्या, अहो, आत्ताच हाक मारलीत ना, मग हे गेले कुठं?

बाराव्या दिवशी तू मशीन बंद करून पुन्हा सुरू केलंस आणि तो आवाज थांबला. आजींचा मुलगा आपल्या ऑफिसात साहेबांसमोर तुला काय काय बोलला, ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. तू एवढंच म्हणालास, काम माझ्या हाताखाली झालंय, चूक माझी. महिन्याभरात तू नोकरी सोडलीस.

गेल्या आठवड्यात मला आश्रमात जावं लागलं. आजी रागावलेल्या नाहीत रे. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, हल्ली ह्यांना हाक का मारत नाही गं तुम्ही? तेव्हापासून चार वाजत आले की माझी बोटं कीबोर्डवर थांबतात. आमच्या ऑफिसात स्पीकरसुद्धा नाही, तरी मी कान देऊन बसते.

दादा, प्रोग्रॅममधल्या चौकट बंद करायच्या त्या ओळी माझ्या होत्या. चौकट नष्ट केली की प्रोग्रॅम कोसळायचा, कारण बाजूची खोल्यांची यादी तिला अजून धरून असायची. ती गाठ सोडवायला एक दुपार पुरली असती. पण दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं आणि तू तापानं पडला होतास. मी चौकट नुसती लपवली. दिसत नाही म्हणजे गेली, असं स्वतःला समजावलं आणि तुला काहीच सांगितलं नाही. तू त्या ओळी नंतर वाचल्यास का, हे विचारायचं धाडस मला आजवर झालं नाही. वाचूनच गप्प राहिला असशील, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळेल. सोमवारी मी साहेबांना आणि आजींच्या मुलाला सगळं सांगणार आहे, आणि त्यांच्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. त्या दोघांना काय सांगायचं ते मी लिहून ठेवलंय. आजींना काय सांगू, ते मात्र मला सुचत नाही. तुला सुचलं तर कळव.

तुझीच,
धाकटी