विहिरीची स्वच्छ नक्कल

अनसिंग,
१४ सप्टेंबर १९५७

प्रिय विजू,

तुझ्या बाबाचे आशीर्वाद. हे पत्र पोस्टात न टाकता तांड्यावरच्या रामसिंगच्या हाती देऊन राह्यलो. तो नागपूरले निघालाच आहे, आणि सोबत वह्यांचं बोचकं आहे. शिवाय पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन मी दोनदा परत आलो, म्हणून म्हटलं, एकदाचं माणसाच्या हाती द्यावं. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखते, तोंड मात्र झकास चालते. मूग घरात आला. शाळेच्या विहिरीचं पाणी आज काठापासून पाच हात सात बोटं खाली आहे. ती सात बोटं लिहिताना मले मेल्याहून मेल्यासारखं झालं, आता काहून ते ऐक.

दिवाळीत ओट्यावर बसून तू मले समजावलं होतंस. विहीर उपसली की पाणी आज दोन बोटं उतरते, उद्या झरा तेवढं भरून काढते, परवा पुन्हा उतरते. ह्या बारीक खाली-वर होण्याचं आपसात काही नातं आहे का, आणि असलं तर ते किती महिने, किती वर्षं मागं जाते, हे तुला कॉलेजातल्या संशोधनासाठी शोधायचं होतं. नऊ वर्षं रोज सकाळी गाठींच्या दोरानं विहीर मोजणारा येडा बाप तर घरातच होता. बाबा, तुमच्या वह्या द्या, म्हणालीस, तेव्हा माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

पण त्या कच्च्या वह्या तशाच द्यायची मले लाज वाटली. कुठं तेलाचा डाग, कुठं तुझ्या आईनं माझ्या तापात कोळशानं मांडलेला आकडा, कुठं सव्वातीन बोटं, कुठं पाऊण बोट. कॉलेजातले साहेब म्हणतील, हा काय गावठी कारभार! म्हणून महिनाभर बसून मी स्वच्छ नक्कल केली. तीन हजारांवर आकडे, एकही खाडाखोड नाही. आणि बोटं गाळून टाकली. चोवीस बोटांचा एक हात; बाराच्या आत असली तर सोडून दिली, बारा किंवा वर असली तर पुरा हात धरला. जन्मभर पोरांना हेच शिकवलं ना, की उत्तर पूर्ण आकड्यात आलं की शोभते. तुझी आई दारातून पाहत होती. म्हणाली, "कोंडा काढून राह्यले का पीठच फेकून राह्यले, मास्तर?" मी तिला गप्प केलं. चौथी शिकलेली बाई, तिले काय समजते, म्हटलं. सगळं तिलेच समजलं होतं.

मग जूनमध्ये तुझं पत्र आलं. चार महिने ते हिशेबाचं यंत्र हातानं फिरवून तुझ्या बोटांना फोड आले होते. तू लिहिलंस, बाबा, पाणी वीस-वीस दिवस हलतच नाही, मग एकदम हातभर उडी मारते. नातं काही दिसत नाही. सर म्हणतात, तुझा विचारच चुकला, विषय सोड. शेवटी विचारलं होतंस, आकडे काटेकोर आहेत ना? विजू, मले त्याच घडीला उमगलं. अकरा बोटं उतरलेलं पाणी माझ्या नकलेत जागचं हललं नव्हतं, आणि अकराची बारा बोटं झाली की तीच हातभर उडी झाली होती. तू जे शोधत होतीस ते नेमकं त्या बोटांतच होतं, आणि तेच मी झाडून टाकलं होतं. आणि मी तुला कार्ड काय टाकलं? नऊ वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. खोटं नव्हतं ते, पण खोट्याहून वाईट होतं.

चूक कबूल करायची लाज वाटली, एवढंच असतं तर मी कधीच लिहिलं असतं. किन्हीराजाच्या उकंडरावांनी त्याच आठवड्यात त्यांच्या पोरासाठी तुझी विचारणा केली होती. मनात आलं, विषय सुटला म्हणजे पोरगी आपोआप घरी येईल, आपल्याला वाईटपणा नको. तुझं हरणं माझ्या सोयीचं होतं, बाळा. तीन महिने मी तुझा बाप असून ते पाहत बसलो. परवा तुझं पत्र आलं, गुरुवारी सामान घेऊन येते म्हणून. त्यात तू माझीच माफी मागितलीस, की बाबा, तुमची नऊ वर्षांची मेहनत मी वाया घालवली. ते वाचून मी न जेवता उठलो. उकंडरावांना काल नाही सांगून आलो. तू गुरुवारी येऊ नको. ह्या कच्च्या वह्या सरांसमोर ठेव आणि त्यांना सांग, विचार माझा चुकला नव्हता, माझ्या बापानं आकडे बिघडवले आणि माहीत असून तोंड मिटून बसला. हे पत्रही दाखव. माझी लाज राखू नको.

तुझाच अपराधी,
बाबा
(जानराव)